रोलर कोस्टर म्हातारी कशी होते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अकरा वर्षं मुंबईजवळच्या पार्कांमध्ये राइड मेंटेनन्सचं काम केलं. सुरुवात फिटर म्हणून झाली, शेवटी रात्रपाळीचा सुपरवायझर होतो. माझे काका परळच्या मूर्तींच्या कारखान्यात रंगकाम करायचे, त्यामुळे लोखंड आणि देखावा या दोन्हींचं आजारपण मी जवळून पाहिलं. नातेवाईक, शेजारी, पोरांच्या शाळेतले पालक मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एकत्र केले आहेत.

रंग उडालेला, देखाव्याचे पोपडे निघालेले. अशा राइडमध्ये मुलांना बसवावं का?

सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि त्याचं उत्तर दोन तुकड्यांत द्यावं लागतं. रोलर कोस्टरमध्ये खरं तर दोन वस्तू एकमेकींना चिकटून उभ्या असतात. एक यंत्र: ट्रॅक, खांब, गाडी, चाकं, ब्रेक. दुसरी म्हणजे त्याभोवतीचं नाटक: डोंगर, किल्ला, भुयार, पुतळे, दिवे, आवाज. या दोघांची देखभाल बहुतेक ठिकाणी वेगळी माणसं, वेगळ्या पैशातून करतात. नाटक आधी म्हातारं होतं, कारण ते हलक्या मालाचं असतं आणि त्याच्यासाठीचे पैसे सर्वात आधी कापले जातात. यंत्र उशिरा म्हातारं होतं आणि बहुतेक वेळा बाहेरून दिसत नाही.

म्हणून डोंगराचे पोपडे निघाले एवढ्यावरून गाडीचा अॅक्सल, म्हणजे चाकांचा दांडा, कमजोर आहे असं म्हणता येत नाही. उलट चकचकीत रंगामागे दुखणं लपलेलं असू शकतं. तरीही मी कळकट देखावा कधीच हसण्यावारी नेत नाही. जिथे रांगेतला तुटलेला पत्रा तीन-तीन महिने तसाच राहतो, तिथे न दिसणाऱ्या जागी काय चालत असेल, हा प्रश्न माझ्या मनात येतोच. तो पुरावा नव्हे, पण प्रश्न रास्त आहे.

लाल रंगच सगळ्यात आधी का फिका पडतो?

उन्हातली अतिनील किरणं रंगद्रव्याचे रेणू तोडतात. भडक लाल, गुलाबी, पिवळ्यासाठी वापरली जाणारी बरीच सेंद्रिय रंगद्रव्यं या माऱ्यापुढे टिकत नाहीत. निळे-हिरवे त्या मानाने तग धरतात. गेरूचा लाल मात्र वर्षानुवर्षं राहतो, कारण तो मुळात लोखंडाचा ऑक्साइडच आहे. त्याचं आणखी काय बिघडणार? कोकणातल्या घरांच्या गेरूच्या पट्ट्या आठवा.

रंग फिका पडणं वेगळं आणि रंगाची भुकटी होणं वेगळं. जुन्या खांबावरून बोट फिरवल्यावर पांढरट पीठ हाताला लागलं, तर रंगातलं बांधणारं द्रव्य मरायला लागलं आहे. त्यानंतरचा टप्पा म्हणजे ओलावा थेट प्रायमरपर्यंत पोहोचणं. बाहेरच्या लोखंडी कामासाठी साधारण तीन थर देतात: खाली जस्त मिसळलेला प्रायमर, मध्ये इपॉक्सी, वर पॉलियुरेथेन. वरचा थर उन्हासाठी, मधला पाण्यासाठी, खालचा शेवटचा पहारेकरी. इपॉक्सी उन्हात टिकत नाही, म्हणून वरचा थर झिजला की मधला भराभर जातो. वेळेवर वरचा हात मारला तर काम स्वस्तात होतं. दोन वर्षं उशीर केला तर सगळं खरवडून, ब्लास्टिंग (दाबाने कणांचा मारा) करून लोखंडापासून सुरुवात. हे गणित मी मीटिंगांमध्ये किती वेळा मांडलं त्याची मोजदाद नाही.

मुंबईच्या हवेचा त्रास नेमका किती?

खूप. आणि लोकांना वाटतं तसा तो फक्त पावसाचा नाही. पाऊस चार महिने, पण खारा वारा बारा महिने. समुद्रावरून येणारं मीठ लोखंडावर बसतं, हवेतली ओल शोषून घेतं आणि उन्हाळ्यातसुद्धा पृष्ठभाग ओलसर ठेवतं. गंजाला लागणारं पाणी मीठच आणून देतं.

यातली एक गोष्ट नव्या मुलांना पटायला वेळ लागायचा. पावसाने धुतली जाणारी जागा त्यातल्या त्यात बरी असते. सर्वात वाईट गंज मिळतो तो आडोशाला: गाडीत चढ-उतार होते त्या राइडच्या स्टेशनच्या छपराखाली, खांबाच्या फ्लँजच्या (बोल्टने जोडायच्या कडेच्या) खालच्या अंगाला, देखाव्याने झाकलेल्या ट्रॅकवर. तिथे मीठ साचत जातं आणि धुवायला पाऊस पोहोचतच नाही. मी ज्या पार्कात जास्त वर्षं होतो, तिथे दिवाळीनंतर दर महिन्याला गोड्या पाण्याने आडोशाच्या जागा धुण्याचा नियम आम्ही लावून घेतला. एवढ्या साध्या कामाने जितका गंज रोखला गेला, तितका महागड्या रंगानेही रोखला नसता असं माझं ठाम मत आहे.

दुसरी जागा खांबाचा पाय. काँक्रीटच्या पायावर लोखंडी तळपट्टी बसते, तिथे माती, पानं, खाऊचे कागद अडकतात आणि ओल हटत नाही. वरचे तीस फूट ठणठणीत आणि खालची वीतभर जागा खाल्लेली, असे खांब मी पाहिले आहेत. पोकळ पाइपांना पाणी निघून जायला भोकं ठेवतात. ती पारव्यांच्या घरट्याने किंवा रंगाने बुजली की पाणी आतच राहतं. हातोडीने हलकेच ठोकलं की बद्द आवाज येतो. तो आवाज एकदा कानात बसला की विसरत नाही.

खोपोलीकडच्या पार्कांना समुद्र लांब, पण घाटपायथ्याचा पाऊस मुंबईपेक्षाही दांडगा. तिथे मिठाऐवजी सततची ओल आणि शेवाळ यांच्याशी झगडावं लागतं.

डोंगर, किल्ले, पुतळे कशाचे असतात आणि कसे बिघडतात?

इथे थोडं थांबतो, कारण हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे.

देखावा उभा करण्यात मुंबईचा हात धरणारं शहर मी पाहिलेलं नाही. लालबाग-परळचे कारखाने, गोरेगावच्या चित्रनगरीतले सेटवाले, मांडव घालणारे सुतार: महिनाभरात राजवाडा उभा करतील. पण मांडवातला राजवाडा दहा दिवसांचा असतो, सेट काही महिन्यांचा. पार्कातला किल्ला वीस पावसाळ्यांचा असावा लागतो. हात तेच, कसब तेच. माल आणि सांगाडा मात्र पूर्ण वेगळा हवा. बाहेरच्या पुतळ्याला पीओपीची डागडुजी केलेली मी पाहिली आहे. पहिल्या पावसाळ्यात ती फुगली, दुसऱ्यात गळून पडली. काकांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “अरे, विसर्जनासाठी बनवलेली वस्तू मुक्कामाला ठेवली की असंच होणार.”

पार्कातले खडक बहुधा असे बनतात: सळयांचा सांगाडा, त्यावर जाळी, जाळीवर फवारलेलं सिमेंट, ते ओलं असतानाच हातांनी कोरलेल्या भेगा आणि पदर, मग रंगाचे अनेक हात. दिसायला सह्याद्रीचा कडा, आत मात्र आपल्या सोसायटीच्या बाल्कनीसारखीच गोष्ट. केसाएवढी चीर पडते, पाणी शिरतं, सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा व्यापतो, त्यामुळे आतून दाब येऊन सिमेंटची खपली उडते. 30 वर्षांवरच्या इमारतींना मुंबईत स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागतं, ते याच दुखण्यापायी. खडकाची खपली ट्रॅकच्या वर असेल, तर तो देखाव्याचा प्रश्न उरत नाही. ट्रॅकवर किंवा माणसांच्या डोक्यावर पडू शकणारी प्रत्येक सजावट यंत्राइतक्याच कडकपणे तपासली पाहिजे, यावर मी रागावून भांडलो आहे आणि पुन्हा भांडेन.

पुतळे, कमानी, गाडीची तोंडं फायबरची. काचेच्या तंतूंची मॅट, रेझिन आणि वर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा गुळगुळीत जेलकोट. जेलकोट आहे तोवर पुतळा तरणा. तो उन्हाने झिजला की खालचे तंतू उघडे पडतात, हाताला खाज सुटते, काळपट बुरशी त्या तंतूंत घर करते. मग कितीही घासा, चेहरा मळकटच दिसतो. बरेच जण त्यावर थेट ऑइल पेंट मारून मोकळे होतात. एका हंगामात त्याचे पोपडे निघतात, कारण खालचा मेलेला थर काढलेलाच नसतो. शिवाय दर वेळी जाड रंग चढत गेल्याने नाक, पापण्या, ओठ बुजत जातात. दहा रंगकामांनंतर वाघाचं मांजर होतं. चांगला रंगारी आधी खरवडतो, पुट्टी भरतो, जुना फोटो समोर ठेवतो. वाईट रंगारी थेट रंगाचा डबा उघडतो.

थर्माकोल कोरून वर कडक कोटिंग दिलेलं काम सर्वात स्वस्त आणि सर्वात अल्पायुषी. वरच्या कवचाला एक भोक पडलं की उंदीर आणि मुंग्या आत पोकळी करतात आणि बाहेरून काही कळत नाही.

काही ठिकाणी मुद्दामच जुनं, गंजकं रंगवलेलं असतं. मग खरा गंज ओळखायचा कसा?

सोन्याच्या खाणीचं गाव, पडका कारखाना, बुडालेलं जहाज अशा थीममध्ये पहिल्याच दिवशी सगळं शंभर वर्षं जुनं दिसावं लागतं. त्यासाठी रंगारी पातळ तपकिरी पाणी ओघळवतात, स्पंजने डाग टिपतात, कोरड्या ब्रशने कडा उजळतात. ही फार देखणी कला आहे. पण खरं म्हातारपण या खोट्या म्हातारपणाआड छान लपतं, ही तिची दुसरी बाजू.

फरक डोळ्याला शिकवता येतो. खोटा गंज सपाट असतो. बोटाला उंचवटा लागत नाही. तो दिसण्यासाठी असतो, म्हणून रांगेतून नजर जाते त्या बाजूला जास्त असतो. खरा गंज प्रेक्षकांचा विचार करत नाही. तो बोल्टच्या डोक्याभोवती, सांध्यातून, पत्र्याच्या खालच्या कडेतून सुरू होतो आणि पावसानंतर त्याचा ओघळ ताजा, नारिंगी असतो. जुना रंगवलेला डाग वर्षभर तिथेच तसाच राहतो. खरा डाग महिन्याभरात वाढतो. आम्ही अशा जागांचे दर महिन्याला त्याच कोनातून फोटो काढायचो. दोन फोटो शेजारी ठेवले की वाद संपायचा.

पूर्वी हलणारे पुतळे आता गप्प का असतात?

हवेच्या दाबावर चालणाऱ्या पुतळ्याच्या नळ्या कडक होऊन चिरतात, सील गळतात, सांध्यांतले बुश (पिनेभोवतीच्या नळ्या) झिजतात. रबराची कातडी दर काही सेकंदांनी त्याच जागी दुमडते, त्यामुळे तोंडाच्या कोपऱ्यांत आणि मानेवर आधी फाटते. पुतळा बंद असला तरी राइड चालू राहते, त्यामुळे त्याची दुरुस्ती ‘पुढच्या महिन्यात’ या खात्यात जाते. त्या खात्यातून बाहेर आलेले पुतळे थोडे.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या ‘एक्स्पिडिशन एव्हरेस्ट’ या कोस्टरमध्ये 2006 साली एक अवाढव्य यती बसवला होता. गाडी जवळून जाताना तो झेप घेऊन हात मारायचा. राइड सुरू झाल्यावर काही काळातच त्याची हालचाल थांबवावी लागली आणि तेव्हापासून उघडझाप करणाऱ्या झोताने तो हलल्याचा भास दिला जातो. जगातल्या सर्वात श्रीमंत पार्क कंपनीलाही हे जमलं नाही, यातून मी एकच गोष्ट घेतली: आराखडा काढतानाच ‘हे बाहेर कसं काढायचं’ हे ठरलं पाहिजे. डोंगराच्या पोटात यंत्र बसवून तोंड बंद केलं की पुढचा फिटर हतबल होतो.

अंधारातल्या राइडचं आणखी एक दुखणं. अतिनील दिव्याखाली चमकणारे रंग त्याच दिव्यामुळे हळूहळू मरतात. रोज पाहणाऱ्याला ते कळत नाही. पाच वर्षांनी आलेल्या पाहुण्याला पहिल्या वळणावर कळतं.

लोखंड इतकं मजबूत, मग ते थकतं कसं?

लोखंडाची तार एकदा वाकवली तर तुटत नाही, पण पुढे-मागे वाकवत राहिलं की तुटते. कोस्टरमध्ये हेच अतिशय कमी प्रमाणात, पण लाखो वेळा होतं. साधा हिशोब करा. तासाला 20 फेऱ्या, दिवसाला 8 तास, वर्षाला 300 दिवस: वर्षाला 48,000 फेऱ्या. वीस वर्षांत 9 लाख 60 हजार. गाडीला आठ डबे असतील तर ट्रॅकच्या त्याच तुकड्यावरून चाकांचा भार त्याच्या आठपट वेळा जातो. दर वेळी लोखंड डोळ्याला न दिसेल एवढं वाकतं आणि परत येतं.

तडा सुरू होतो तो बहुधा वेल्डच्या कडेला, भोकाच्या काठाला, अॅक्सलवर जिथे जाडी अचानक बदलते तिथे. सुरुवातीला तो केसापेक्षा बारीक असतो. नजरेला दिसायची वाट पाहिली तर उशीर होतो, म्हणून इतर चाचण्या असतात. लाल द्रव लावून पुसायचा आणि पांढरी पावडर मारायची, तड्यात राहिलेला लाल बाहेर झिरपतो. याला साइटवर सगळे ‘डीपी’ म्हणतात. चुंबकीय कणांची चाचणी पृष्ठभागाच्या किंचित खालचे तडेही दाखवते. अल्ट्रासोनिकने आतलं दिसतं आणि ट्रॅकच्या पाइपची भिंत झिजून किती उरली तेही मोजता येतं.

5 मे 2007 रोजी जपानमधल्या ओसाकाजवळच्या एक्स्पोलँड पार्कात ‘फूजिन रायजिन 2’ या उभं राहून फिरायच्या कोस्टरचा अॅक्सल धावत्या गाडीत तुटला. एका तरुणीचा जीव गेला, 19 जण जखमी झाले. कारण धातूचा थकवा. 1992 साली राइड सुरू झाली तेव्हापासून, म्हणजे 15 वर्षं, ते अॅक्सल बदललेलेच नव्हते. आमच्या ट्रेनिंगमध्ये मी नव्या मुलांना ही घटना सांगायचो आणि मग त्यांच्या हातात एक जुना, काढून टाकलेला अॅक्सल द्यायचो. बाहेरून तो अगदी चांगला दिसायचा. डीपी केल्यावर त्याच्या खांद्यापाशी लाल रेघ उमटायची. काही भाग बिघडले म्हणून बदलायचे नसतात, त्यांचं आयुष्य भरलं म्हणून बदलायचे असतात. हे वाक्य हिशोब खात्याला पटवणं आमच्या कामातलं सर्वात अवघड काम होतं.

दहा वर्षांपूर्वी ही राइड लोण्यासारखी होती. आता मान अवघडते. माझं वय झालं की राइडचं?

बहुधा राइडचं. डब्याला तीन तऱ्हेची चाकं असतात: ट्रॅकच्या वर भार घेणारी, बाजूने धरणारी आणि खालून उचल रोखणारी. त्यांच्यावर पॉलियुरेथेनचं आवरण असतं. ते उन्हाने आणि घर्षणाने तापतं, झिजतं, कधी कड्यापासून सुटतं. आवरण कडक झालं की धक्के थेट बसतात. बाजूच्या चाकांत फट वाढली की डबा वळणावर आधी एका बाजूला आदळतो, मग दुसऱ्या. ट्रॅकच्या सांध्यात एक-दोन मिलिमीटरचा फरक आला किंवा एखादा पाया किंचित खचला, तरी तुमच्या मानेला ते कळतं.

चाकं बदलून बराच खडबडीतपणा जातो. ट्रॅकचाच आकार बिघडला असेल तर तेवढा तुकडा नवा बसवावा लागतो. एक युक्ती सांगतो: चाकावरची जागा टाळून मधल्या ओळीत बसा. डब्याच्या अॅक्सलवरची सीट सर्वात जास्त हादरे देते.

पावसात राइड का बंद करतात?

ओल्या ट्रॅकवर घर्षण कमी होतं. घर्षणाचे ब्रेक उशिरा धरतात, काही गाड्या ठरलेल्यापेक्षा वेगाने धावतात. चुंबकीय ब्रेकना ओलीचा त्रास फारसा नाही, पण वीज कडाडत असेल तर सर्वात उंच लोखंडी वस्तूवर माणसं बसवायची नसतात. तेवढंच पुरेसं कारण आहे.

रात्री पार्क बंद झाल्यावर नेमकं काय करतात?

गेट बंद झाल्यावर फिटर ट्रॅकवर चढतात. टॉर्च, पाना, आरसा, खिशात चिंधी. खालपासून वरपर्यंत चालत बोल्ट पाहायचे. आवळलेल्या नटावरून बोल्टपर्यंत एक रंगाची रेघ ओढलेली असते. रेघ तुटलेली दिसली तर नट फिरला. म्हणूनच ट्रॅकवर जाड रंगाचा हात मारणाऱ्यांचा मला राग येतो. एका दिवाळीच्या सुट्टीआधी, मी जिथे काम करत होतो तिथे, पाहणीला मोठी माणसं येणार म्हणून कंत्राटदाराने एका रात्रीत सगळे सांधे रंगवून टाकले. आमच्या सगळ्या रेघा गेल्या. सुट्टीचे पहिले दोन दिवस राइड बंद ठेवून आम्ही प्रत्येक नट पुन्हा टॉर्क लावून तपासला. ओरडा खाल्ला, पण गाडी सोडली नाही.

साखळीचंही रोजचं पाहणं असतं. ‘साखळी ताणली’ म्हणतात, पण लोखंड ताणलेलं नसतं. प्रत्येक कडीची पिन आणि बुश थोडं थोडं झिजल्याने लांबी वाढते. ठरलेल्या मर्यादेपुढे गेली की कड्या काढायच्या किंवा साखळीच बदलायची. चढावर जी खडखड ऐकू येते ती गाडी मागे घसरू नये म्हणून लावलेल्या खिट्ट्यांची. तिची लय बदलली की जुना ऑपरेटर मान वर करून पाहतो.

पहाटे रिकामी गाडी, मग पाण्याच्या पिशव्या किंवा वाळूची पोती भरलेली गाडी, मग लॉगबुकवर सही. भारतात यासाठी आयएस 15475 हे मानक आहे, बनवणाऱ्या कंपनीचं पुस्तक आहे. पण पुस्तक उघडून सही करणारा माणूस झोपेत नसावा, हेही तितकंच महत्त्वाचं. रात्रपाळीच्या फिटरचा पगार आणि त्याची झोप हा सुरक्षेचाच भाग आहे.

लाकडी कोस्टर तर अजून लवकर खराब होत असतील?

उलट, त्यातल्या काही शंभरी ओलांडून किंवा शंभरीच्या आसपास उभ्या आहेत. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातली ‘लीप द डिप्स’ 1902 सालची, मेलबर्नच्या लूना पार्कची ‘सीनिक रेल्वे’ 1912 सालची, कोनी आयलंडची ‘सायक्लोन’ 1927 सालची. लाकूड फळी-फळीने बदलता येतं हे त्यामागचं गुपित. इतक्या वर्षांत मूळचं लाकूड किती उरलं असेल हा प्रश्नच आहे, पण वळण तेच. आपल्याकडे कोलकात्याच्या निक्को पार्कात लाकडी कोस्टर आहे. वाळवी, बुरशी आणि ओल-सुकीने ढिले होणारे बोल्ट हे तिथले शत्रू.

मग एखादी कोस्टर किती वर्षं टिकते?

आकडा सांगता येत नाही, आणि सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. डिस्नेलँडची ‘मॅटरहॉर्न’ 1959 पासून धावते आहे. नळीच्या लोखंडी ट्रॅकची ती पहिलीच. त्याच पार्कच्या 1977 सालच्या ‘स्पेस माउंटन’चा ट्रॅक 2003 ते 2005 दरम्यान काढून नवा बसवला. उलट न्यू जर्सीची ‘किंगडा का’ 2005 साली जगातली सर्वात उंच म्हणून उभी राहिली आणि 2025 च्या फेब्रुवारीत स्फोटाने पाडली गेली.

राइडला मारतं ते बहुधा लोखंडाचं वय नसतं. तिचा कंट्रोल पॅनेल जुना होतो, त्याची कार्डं (सर्किटचे बोर्ड) मिळेनाशी होतात. किंवा बनवणारी कंपनीच बंद होते. जगभर कोस्टर उभारणाऱ्या अॅरो डायनॅमिक्सने 2001 मध्ये दिवाळखोरी जाहीर केली आणि तिच्या राइड चालवणाऱ्यांना पुढच्या मालकाकडे किंवा स्थानिक कारखान्यांकडे धावावं लागलं. आपल्याकडे आयात केलेल्या राइडच्या बाबतीत ही अडचण दुप्पट. एका सुट्या भागासाठी सहा आठवडे थांबायचं, की ‘इथलाच’ बसवायचा? तो मोह फार वाईट. मोजमाप जुळणं वेगळं आणि धातू, उष्णता-प्रक्रिया, कडकपणा जुळणं वेगळं.

वापर थांबवला तर राइड जपली जाते ना?

नाही. उभी गाडी झपाट्याने बिघडते. बेअरिंगमधलं ग्रीस खाली बसतं, एकाच जागी भार राहून चाकांना चपटे डाग पडतात, केबल उंदीर कुरतडतात, पॅनेलमध्ये ओल शिरते. लॉकडाउनच्या काळात जिथे आठवड्यातून एकदा रिकामी गाडी फिरवली, तिथे पुन्हा सुरू करणं खूप सोपं गेलं. घरची स्कूटर सहा महिने उभी ठेवून पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

गोराईचं एस्सेलवर्ल्ड 1989 मध्ये सुरू झालं, आता बंद आहे. मार्वेहून बोटीने जाताना खाडीपलीकडे ट्रॅकचा पहिला चढ दिसायचा, तिथपासून माझी या यंत्रांशी ओळख. मी आठ वर्षांचा होतो. आजही बोरिवलीतले लोक मला तिथल्या राइडचं काय होणार विचारतात, तेव्हा त्यांच्या आवाजात घरातल्या माणसाची चौकशी असते.

जत्रेतल्या पाळण्यांना हेच लागू होतं का?

होतं, आणि वर आणखी काही. माहीमचा ऊरूस असो की वांद्र्याची माउंट मेरीची जत्रा, तिथले पाळणे पुन्हा पुन्हा खोलले-जोडले जातात. त्यांची झीज धावण्यापेक्षा जोडणीत होते: पिनांची भोकं अंडाकृती होतात, कॉटर पिनऐवजी तार येते, पायाखाली लाकडी ठोकळे रचलेले असतात. बसण्याआधी दोन गोष्टी पाहा. ठोकळे पावसाने मऊ झालेल्या मातीत रुतले आहेत का, आणि पाळण्याच्या दांड्याला लॉकपिन आहे की खिळा. खिळा दिसला तर मुलांचा हात धरून भेळेच्या गाडीकडे वळा. मुलं रडतील, रडू द्या.

मला तडा किंवा सुटलेला बोल्ट दिसला तर काय करू?

सांगा. लगेच, आणि समोर दिसेल त्या कर्मचाऱ्याला. आपल्याला काय कळतं म्हणून गप्प बसू नका. 30 जून 2023 रोजी अमेरिकेतल्या कॅरोविंड्स पार्कात ‘फ्युरी 325’ या कोस्टरच्या एका खांबाला आरपार तडा गेलेला एका पाहुण्याला दिसला. गाडी जाताना खांबाची दोन टोकं एकमेकांपासून हलत होती. त्याने व्हिडिओ काढला, पार्कला कळवलं आणि राइड थांबवली गेली. नवा खांब बसवून ती ऑगस्टमध्ये पुन्हा सुरू झाली. नामांकित कंपनीची, दहा वर्षांपेक्षाही लहान राइड होती ती.

व्हिडिओ काढाच, पण राइडवर बसून नव्हे. हातातून निसटलेला मोबाइल खालच्या माणसाचं डोकं फोडतो. खाली उभे राहा, गाडी तिथून जात असतानाचे काही सेकंद घ्या. कर्मचारी टाळाटाळ करत असेल तर ऑपरेटरच्या केबिनपाशी जा आणि शांतपणे ‘मेंटेनन्सच्या माणसाला बोलवा’ म्हणा. जागा नीट सांगा. बहुतेक खांबांवर डोळ्याच्या उंचीला किंवा पायाशी एक नंबर रंगवलेला असतो. तो नंबर वाचून सांगितलात, तर रात्री टॉर्च घेऊन चढणारा फिटर थेट त्या खांबाकडे जाईल.